लेइतारेच्या जावयांचे मिस्ड कॉल

लेइतारेच्या गळ्यात दोन वस्तू कायम लटकलेल्या असत. एक लाकडी क्रॉस, आणि केवड्याच्या पातीनं विणलेल्या पिशवीत बटणांचा मोबाईल. "वरच्याला हाक मारायची तर हा, नर्सबाईला मारायची तर हा," असं ती दोन्हीवर हात ठेवून सांगायची. दोघांतला लवकर कोण उचलतो, असं कुणी विचारलंच तर एवढ्या मोठ्यानं हसायची की अंगणातल्या कोंबड्या फडफडत रताळ्याच्या वेलात शिरायच्या.

बाई अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. तिला गावची आरोग्यसेविका कशी केली त्याचीही गंमतच आहे. सरकारचा निरोप आला, बेटावरच्या प्रत्येक गावानं एक शहाणं माणूस निवडावं, आम्ही शिकवून परत पाठवतो. नाकामालात, म्हणजे गावच्या चावडीत, पुरुषमंडळी कावाच्या मुळीचं झिंग आणणारं पाणी पीत बसली आणि शहाणं माणूस कोण यावर काही एकमत होईना, कारण जो तो स्वतःकडेच बघत होता. शेवटी मुखिया मासिंग म्हणाला, "शहाणं राहू द्या. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला खोकला झाला, हे न विचारता गावात कुणाला कळतं?" सगळ्यांनी एका तोंडानं लेइतारेचं नाव घेतलं. नसत्या चौकशा ती आधीपासून करतच होती, आता त्यावर सरकारी शिक्का बसला एवढंच.

शिकून आली ती गोळ्यांची पेटी, तापमापक आणि हा मोबाईल घेऊन. बारीकसारीक दुखण्यावर औषध द्यायचं आणि दर शुक्रवारी समुद्रापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नर्स जोसेलीनला मेसेज करायचा. मेसेजमध्ये फक्त आकडे. ताप किती, जुलाब किती, खोकला किती, अंगावर पुरळ किती, आणि तेही वरच्या गावाचे वेगळे, खालच्या वाडीचे वेगळे. जोसेलीन ते आकडे कॉम्प्युटरवर मांडायची. एखाद्या गावचा आकडा एकदम वर उडाला की साथ आली म्हणायची आणि बोट घेऊन निघायची. "रोग बोटीत बसून येतो लेइतारे, मग त्याची बातमी पायी का चालावी?" असं तिनं शिकवतानाच सांगितलं होतं. लेइतारेला ते वाक्य इतकं आवडलं की गावात ती ते स्वतःचं म्हणून सांगायची.

वरच्या गावात नेटवर्क नाही. रताळ्याच्या मळ्यांच्या वर एक काळा खडक आहे, तिथं बसलं की पलीकडच्या बेटावरचा टॉवर दिसतो. लोक त्याला हॅलोचा खडक म्हणतात. दर शुक्रवारी लेइतारे किसलेल्या कंदाचं, पानात गुंडाळून भाजलेलं लापलाप घेऊन तिथं जायची, सोबत तिची मावसबहीण डोर्कास. मावसबहीण म्हणजे इथं सख्खीच. लेइतारे आकडे टाइप करायची, डोर्कास लापलाप संपवायची, आणि मग दोघी उरलेल्या गावाची मापं काढत बसायच्या.

खालच्या वाडीचं तसं नाही. ती समुद्राकाठी, टॉवरच्या अगदी समोर. तिथं नारळीच्या बुंध्याला टेकून बसलं तरी फोन लागतो. वाडीतली पुरुषमाणसं किनाऱ्यानं झोपड्या टाकून नारळ फोडतात, खोबरं वाळवतात, कधी कधी आठवडाभर तिथंच राहतात. लेइतारेची एकुलती लेक नोएला याच वाडीत दिलेली. जावयाचं नाव कालसाऊ. नाव आपण घेऊ, लेइतारे घेणार नाही.

कारण सासू आणि जावई इथं एकमेकांशी बोलत नाहीत. नाव घ्यायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही. रस्त्यात सासू दिसली की जावयानं वाट सोडून झाडीत शिरायचं आणि पाठ करून उभं राहायचं. सासूनं डोक्यावर फडकं ओढून पुढं जायचं. हा राग नाही, उलट मोठा मान आहे. जावई जितका खोल झाडीत शिरेल तितकी सासूची कॉलर ताठ. आणि जावई म्हणजे एकटा कालसाऊ नव्हे. त्याचे भाऊ जावई, चुलतभाऊ जावई, त्यांचेही चुलतभाऊ जावईच. म्हणजे नोएलाचं लग्न झालं त्या दिवशी लेइतारेला खालच्या वाडीतली जवळजवळ सगळी तरणी पुरुषमंडळी जावई म्हणून मिळाली. ती वाडीवर गेली की रस्ता ओस पडायचा आणि दोन्ही बाजूची झाडी हलायला लागायची.

लग्नानंतर आणखी एक झालं. खालच्या वाडीचा तापाचा आकडा शून्यावर आला. वाडीतल्या बायका पोरांना घेऊन यायच्या, त्यांची सर्दी, त्यांचे कान. पण ताप नाही, जुलाब नाही, दर शुक्रवारी शून्य. जोसेलीननं फोनवर शाबासकी दिली, "तुमची खालची वाडी काय खाते? सगळ्या बेटांत एवढी निरोगी जागा नाही." झालं. लेइतारेला आभाळ ठेंगणं झालं. चर्चमधून बाहेर पडताना ती चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणायची, "लेक द्यायची तर घर बघून द्यावी बाई. माझ्या लेकीच्या सासरी तापाला पायरी चढायची हिंमत नाही."

"तिथं पायरी आहे कुठं? वाळू तर आहे," डोर्कास म्हणायची.

नोएलाचे दिवस भरत आले तशी लेइतारेची चाल आणखी डौलदार झाली. पहिलं नातवंड, तेही सगळ्यात निरोगी वाडीत. आणि अशात एका सकाळी तो प्रकार घडला.

लेइतारे पाठीवर रताळ्यांची टोपली घेऊन खाली उतरत होती आणि समोरून कालसाऊ चढत होता. तिनं रीतीप्रमाणे फडकं पुढं ओढलं आणि झाडी हलायची वाट बघितली. झाडी हलली नाही. कालसाऊ सरळ चालत आला, रस्त्याच्या मधोमध, तिच्या तोंडाकडे बघत. त्याचा खांदा टोपलीला लागला, एक रताळं घरंगळत खाली गेलं, त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. चालतच राहिला.

लेइतारेच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांत गावातल्या कुठल्या सासूचा असा अपमान झाला नव्हता. ती तशीच माघारी फिरली आणि मुखिया मासिंगच्या अंगणात जाऊन टोपली आपटली.

"मला दंड पाहिजे. एक डुक्कर. आणि मरतुकडं नको, चांगलं खाऊन-पिऊन असलेलं."

"अगं, पण झालं काय?"

"नोएलाच्या त्यानं मला वाट दिली नाही. तोंडाकडे बघितलं माझ्या. डोळे तांबडेलाल करून बघितलं."

"तांबडे?" डोर्कासनं विचारलं.

"मग? माज आला की डोळे तांबडेच होतात."

मासिंगनं कपाळाला हात लावला. सासूचा अपमान म्हणजे साधी गोष्ट नव्हे. त्यानं खाली निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी नाकामालात बैठक बोलावली.

बैठकीला कालसाऊ आलाच नाही. त्याच्या जागी त्याचा थोरला भाऊ तोमाकी आला, बरोबर आणखी दोन भाऊ. लेइतारे रीतीप्रमाणे बाहेर, बोरूच्या कुडाला पाठ लावून बसली होती, शेजारी डोर्कास. आतलं सगळं ऐकू येत होतं. कुडाच्या फटीतून दिसतही होतं, पण दिसतं असं म्हणायचं नसतं.

"गुन्हेगार कुठं आहे?" मासिंगनं विचारलं.

"झोपलाय," तोमाकी म्हणाला.

"वा. गुन्हा करून झोपलाय."

"ताप आहे त्याला, बाबा. चार दिवस झाले. डोकं फुटतंय म्हणतो, डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणतो. पाणी भरायला म्हणून उठला आणि त्या रस्त्याला गेला कसा तेच त्याला आठवत नाही. समोर सासूबाई होत्या असं आम्ही सांगितलं तर रडायला लागला."

मासिंगचा आवाज आला, "आणि तू एवढ्या उन्हात स्वेटर घालून का बसलास?"

"मलाही आहे."

"आणि तू खांब धरून का बसलास रे?"

"सांधे धरलेत, बाबा. खांब सोडला तर पडेन."

"अरे मग गोळ्यांच्या पेटीकडे का नाही गेलात?"

तिघांनी माना खाली घातल्या. शेवटी तोमाकीच हळू आवाजात म्हणाला, "तिथं त्या असतात."

अख्खं नाकामाल हसलं. बाहेर लेइतारेही हसली, सवयीनं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं. आणि मग मधेच तिचं हसू थांबलं. डोर्कासनं तिच्याकडे बघितलं तर बाईचा चेहरा राखेसारखा झालेला. एवढे दिवस वाडीतला ताप गेला नव्हता. तिच्यासमोर येत नव्हता, इतकंच. जावई सासूसमोर जीभ काढून दाखवणार कसा, काखेत तापमापक धरणार कसा? आणि बायका तरी कुठल्या तोंडानं नवऱ्याच्या अंगाचं दुखणं त्याच्या सासूला सांगणार? नोएला दर शुक्रवारी नवऱ्याच्या फोनवरून "सगळे बरे आहेत, आई" म्हणायची ते याच लाजेपोटी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि हे शून्य तिनं दर शुक्रवारी लापलाप खात खात धाडलं होतं, शाबासकी घेतली होती, चर्चच्या दारात मिरवलं होतं. आता त्याच तापाच्या घरात तिची लेक भरल्या दिवसांची बसली होती.

"डोर्कास," ती कुडाकडे तोंड न करता म्हणाली, "मुखियाला विचार, त्याला म्हणावं त्या स्वेटरवाल्याला विचार, घरात आणखी कुणाला आहे?"

डोर्कासनं मुखियाला विचारलं, मुखियानं तोमाकीला विचारलं. तोमाकी दोन हातांवर होता, उत्तर मात्र मुखियाकडून डोर्कासकडे, डोर्कासकडून लेइतारेकडे असं वळसा घालत आलं. "नोएलाला अजून नाही म्हणतो. पण खोबऱ्याच्या झोपड्यांमध्ये बरेच जण पडलेत, किती ते त्याला माहीत नाही."

"मला आकडा पाहिजे," लेइतारे म्हणाली. "नर्सला आकडा कळल्याशिवाय बोट निघत नाही. आणि आज एकदा नव्हे, रोज पाहिजे."

आता आली पंचाईत. झोपड्या किनाऱ्यानं लांबवर पसरलेल्या. आजारी माणसं डोंगर चढून सांगायला येणार नाहीत, आणि बायका तिथं नसतात. फोन जवळजवळ प्रत्येकाकडे आहे. पण फोनवर सासूशी बोलणं हेही बोलणंच. एक म्हातारा म्हणाला, मेसेज पाठवा. दुसरा म्हणाला, लिहिलं म्हणजे बोलल्यासारखंच झालं, उद्या ती त्याचं नाव वाचेल. वाद वाढायला लागला. मासिंगनं कावाची करवंटी खाली ठेवली आणि म्हणाला, "डुक्कर मारलं की आपण ढोल वाजवतो की नाही? तो ढोल वाडीतल्या सगळ्या सासवा ऐकतात. कुणाचा मान गेला?"

कुणाचाच गेला नव्हता.

"मग फोनची घंटी म्हणजेही ढोलच. ज्याला ताप आहे त्यानं रोज सकाळी एक घंटी मारायची आणि कापायचं. तिनं उचलायचं नाही. उचललं तर ते बोलणं झालं, मग दंड तिला."

"म्हणजे मिस्ड कॉल," खांब धरलेला भाऊ म्हणाला. नाहीतरी बॅलन्स कुणाकडे असतो?

दंडाचं डुक्कर मात्र मासिंगनं मागं घेतलं नाही. ताप असो नसो, रस्ता तो रस्ता. तोमाकीनं मान डोलावली आणि आजपासूनच घंटी मारायचा निरोप घेऊन तो वाडीकडे उतरला.

तास-दोन तासांनी लेइतारे हॅलोच्या खडकावर बसली होती. मांडीवर रानबदामांचा ढीग. प्रत्येक नव्या नंबरला एक बदाम बाजूला, असं तिनं ठरवलं. जावयांचे नंबर तिच्याकडे होते, पण नावानं कसे साठवणार? 'खालचा उंच', 'खालचा होडीवाला', 'खालचा चकणा' अशी सगळी भरती. कालसाऊचा नंबर 'नोएलाचा' म्हणून.

पहिली घंटी वाजली आणि कापली गेली. लेइतारेनं एक बदाम बाजूला केला. दुसरी वाजली. मग लागोपाठ तिसरी, चौथी. मोबाईल तिच्या हातात नुसता थरथरायला लागला.

"बघ गं," डोर्कास म्हणाली, "लग्नात अहेर न आणणारेसुद्धा आज आठवण काढतायत."

लेइतारेला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. बदाम ओंजळीत मावेनासे झाले. 'खालचा चकणा' दोनदा वाजला. डोर्कास म्हणाली चुकून, लेइतारे म्हणाली त्याच्या भावाकडे फोन नाही, त्याचा तो. आणि तसंच निघालं नंतर.

तिनं आकडा पाठवला. दोन मिनिटांत नर्स जोसेलीनचा फोन.

"लेइतारे, आज शुक्रवार नाही. आणि खालच्या वाडीपुढं हा काय आकडा टाकलायस? बोट घसरलं का गं?"

"बोट नाही घसरलं, बाई. मागची शून्यं घसरली. ती सगळी खोटी होती, हा खरा आहे." आणि तिनं रस्त्यापासून नाकामालापर्यंत सगळं सांगितलं, डुकरासकट.

जोसेलीन रागावेल असं तिला वाटलं होतं. पलीकडून नुसता एक सुस्कारा आला. "माझ्या गावीही सासऱ्यासमोर सुना खोकत नाहीत," ती म्हणाली. "मी हे विचारायला पाहिजे होतं. एवढं शून्य बघून शाबासकी देत बसले. उद्या सकाळी बोट काढते. नोएलाला कितवा महिना?"

"भरलेत दिवस."

"मग तिला मच्छरदाणीच्या बाहेर पाऊल टाकू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी बोट आली. सुया टोचल्या गेल्या, रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. डासांची घरं शोधायला लांब जावंच लागलं नाही. झोपड्यांच्या मागं फोडलेल्या नारळांच्या करवंट्यांचे ढीग पडले होते, प्रत्येकीत पाऊस साठलेला, प्रत्येकीत वळवळ. पुरुष पडलेले, म्हणून वरच्या गावच्या बायका खाली उतरल्या आणि दिवसभर करवंट्या पालथ्या करत, जावयांच्या नावानं खडे फोडत वाडीभर फिरल्या. झोपड्यांतून कण्हण्याचे आवाज येत आणि बायका जवळ आल्या की कण्हणंही मानानं बंद व्हायचं.

संध्याकाळी निघताना जोसेलीन म्हणाली, "नोएलाला मी घेऊन जाते. एवढ्या तापात बाळंतपण इथं नको. कालसाऊलाही सलाईनवर ठेवायला पाहिजे. बोटीत आणखी एकच जागा आहे, लेइतारे, तू येणार ना?"

लेइतारेनं बोटीकडे बघितलं. मासे पकडायची असते तेवढीच बोट. ती आणि जावई, गुडघ्याला गुडघा लावून, दोन-तीन तास, भर समुद्रात. वाट सोडून शिरायला तिथं झाडीही नव्हती. "शिरला तर शार्कच्या तोंडात," डोर्कास पुटपुटली, पण यावेळी कुणी हसलं नाही.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आई नाही, हे लेइतारेला मान्य होण्यातलं नव्हतं. ती वाळूत नुसती उभी राहिली. तिकडं कालसाऊला दोघांनी धरून आणलं. त्यानं सासू बघितली, आणि त्या अवस्थेतही तो पोरगा झाडीकडे वळायला लागला. वळला आणि गुडघ्यावर बसला.

"त्याला न्या," लेइतारे म्हणाली. मग फडकं डोक्यावर ओढून केवड्याच्या जाळीआड गेली आणि तिथून डोर्कासच्या हाती लेकीसाठी मच्छरदाणी आणि लापलापची गुंडाळी पाठवली. बोट निघाली तेव्हाही ती आडोशालाच होती. दिसत होती ती फक्त तिच्या मोबाईलच्या पिशवीची दोरी, बोटांभोवती गुंडाळलेली.

पुढचे दिवस ती खडकावरच राहायला गेल्यासारखी झाली. सकाळच्या घंट्या मोजायची, आकडा पाठवायची आणि मग उठायचीच नाही. घंट्या रोज कमी होत होत्या. 'खालचा उंच' बंद झाला, 'होडीवाला' बंद झाला. लोक म्हणायचे, साथ उतरली, लेइतारेनं वाडी वाचवली. तिला ते ऐकूही येत नव्हतं. नोएलाकडे फोन नव्हता, जो होता तो तिच्या नवऱ्याकडे. जोसेलीन दुसऱ्या बेटावर बोट घेऊन गेलेली, तिथं तिचा फोन लागत नव्हता. विचारायचं कुणाला?

"काही झालं असतं तर कळलं असतं," डोर्कास म्हणायची.

"कळलं असतं कसं? एक घंटी म्हणजे ताप, एवढंच ठरलंय. बाकीचं कुठं ठरवलं आपण?"

शुक्रवारी दुपारी दोघी खडकावर होत्या. लापलाप तसंच पडलेलं, डोर्कासनंसुद्धा हात लावला नव्हता. फोन वाजला. 'नोएलाचा.' लेइतारेनं तो तळहातावर धरला आणि कापला जाण्याची वाट बघितली.

तो कापला गेला नाही. वाजतच राहिला. वाजून वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

लेइतारेच्या पाचावर धारण बसली. एका घंटीला ताप, मग एवढ्या लांब घंटीला काय? ढोलसुद्धा असा न थांबता वाजतो तो कुणी गेलं की वाजतो.

"उचल," डोर्कास म्हणाली.

"उचलू कशी? मग तू उचल."

"मी तुझी बहीण. म्हणजे माझाही जावईच तो."

दोघींनी आजूबाजूला बघितलं. मळ्यात चिटपाखरू नव्हतं. फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला. लेइतारेनं क्रॉस एका हातात धरला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हिरवं बटण दाबलं, आणि तोंडातून अवाक्षर न काढता फोन कानाला लावला.

पलीकडेही कुणी बोललं नाही. नुसता श्वास. कुणीतरी फोन हळूच कशाजवळ तरी नेल्याची खसखस. आणि मग एक रडणं. एवढंसं, चिडलेलं, पिंजऱ्यात अडकलेल्या मांजरीच्या पिल्लाचं असावं तसं. रडण्यामागं पुरुषाचा आवाज नव्हता. बिचारा खोकलासुद्धा गिळून बसला असेल.

लेइतारेनं फोन कानाशी आणखी घट्ट दाबला. डोर्कास तिच्या खांद्यावरून फोनला कान लावून ऐकायला लागली.

"कोण ते बोलतंय?" लेइतारेनं फोनमध्ये विचारलं. बाळाशी बोलायला कुठल्या रीतीनं बंदी केली आहे? "कोण आहेस तू एवढं तिखट? तुझी आई बरी आहे का? तुझ्या बापाला विचार आणि मला सांग."

रडणं थोडं थांबलं. मग बाळाच्या अगदी जवळून एक घोगरा, दबका आवाज आला. तोही बाळाशीच बोलत होता.

"आजीला सांग, आई बरी आहे. आत्ताच झोपली. ताप नाही. आणि मी मुलगी आहे, हेही सांग आजीला."

एवढी मोठ्या आवाजाची बाई, पण फडक्यानं डोळे पुसून मग कुठं बोलली. "आणि बापाचा ताप?"

"गेला म्हणावं. आणि आजीला सांग, रस्त्यात वाट दिली नाही, चूक झाली. दंडाचं डुक्कर काकांनी बांधून ठेवलंय. खाऊन-पिऊन असलेलं आहे."

"बापाला सांग, ते डुक्कर मला नको. तू घरी येशील त्या दिवशी ते कापू, दोन्ही गावांना जेवण घालू. आणि सांग त्याला, पुन्हा ताप आला तर झाडीत लपून बसायचं नाही. घंटी मारायची."

"मारीन म्हणावं," आवाज म्हणाला, आणि फोन कापला गेला.

लेइतारे बराच वेळ मोबाईल छातीशी धरून बसली. समोर समुद्र, पलीकडं टॉवर. डोर्कासनं लापलापची गुंडाळी उघडली आणि मोठा तुकडा तोंडात घातला.

"बोललीस की गं जावयाशी," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "मुखियानं काय सांगितलं होतं? दंड आता तुला."

"मी कुठं बोलले? मी नातीशी बोलत होते."

"आणि ती बोलली वाटतं?"

"बोलली तर," लेइतारे म्हणाली आणि शुक्रवारचे आकडे टाइप करायला लागली. "सगळं नीट सांगितलं तिनं मला."